काचेतला कोट

कपड्यांच्या त्या दुकानात तिला सगळे काचवाली म्हणत. वीस वर्षं ती दर्शनी काचेमागचे पुतळे सजवत होती. मालक बदलला, तीन मॅनेजर आले नि गेले, काचवाली आपली जागच्या जागी. थंडी सुरू झाली की काचेत तिच्या अक्षरातली पाटी लागायची, ‘थंडीतला समारंभ, सोपे उपाय’. अंगावर चमकणारी वस्तू एकच ठेवा. जुना कोट टाकू नका, नुसती बटणं बदला. गळ्याशी रंग असू द्या, चेहरा उजळतो. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून हे पावतीच्या पाठीवर उतरवून घ्यायच्या आणि काचवाली आतून बघत मनातल्या मनात फुगायची. फुगेना का बिचारी! दुसरं होतं काय तिच्याकडे फुगायला?

कामातलं खरं गुपित मात्र पाटीवर नव्हतं. पुतळ्याला कुठलाच कपडा नेमका बसत नाही. पुढून जो ड्रेस अगदी मापात दिसतो, त्याची पाठ चिमट्यांनी भरलेली असते. लोक पुढून बघतात, मागे भिंत असते, काम भागतं.

एके दिवशी सकाळी तिची धाकटी बहीण धापा टाकत दुकानाच्या मागच्या दाराशी आली. नऊ वर्षांपूर्वी धाकटीने नवऱ्याचं घर सोडलं होतं, एका पिशवीनिशी. बारा वर्षांची लेक तिकडेच राहिली. त्यानंतर लेकीने ना आईचा फोन उचलला, ना पत्राला उत्तर दिलं.

“ताई, तिचा फोन आला होता गं! लग्न ठरलंय तिचं. खरेदीला आलीय, चार वाजता समोरच्या कॉफीच्या दुकानात भेटू म्हणाली.” धाकटीने दाराची चौकट धरली. “मला बोलावेल का गं लग्नाला?”

“बोलावेल. पण या अवतारात गेलीस तर विसर.”

धाकटीच्या अंगावर तिचा राखाडी स्वेटर होता, कोपरांना रफू केलेला. दोन वर्षांच्या आजारपणाने ती निम्मी झाली होती, त्यामुळे तोही खांद्यावरून ओघळत होता.

“हाच बरा की. लहानपणी याच्याच बाहीत हात खुपसून बसायची ती.”

“आणि सासरचं कुणी बरोबर असलं तर? आईची ही दशा बघून पोरगी मान खाली घालेल. तुझं उत्तम चाललंय असं दिसलं पाहिजे. मोठी नोकरी आहे, मोठं घर आहे म्हणून सांग. जुनं काही काढायचं नाही, रडायचं नाही. हात वर कर.”

बहिणीवर काचवालीचा जीव होता, यात काडीची शंका नाही. पण जीव लावायची तिची रीत एकच, समोरच्याला नटवायचं. तिने काचेवर पडदा ओढला आणि मधल्या पुतळ्याचा मरून मखमली ड्रेस उतरवून धाकटीला चढवला. तो चांगला दोन मापांनी मोठा होता.

“दोन टाके घाल ना,” धाकटी म्हणाली.

“मखमलीवर टाक्याची खूण राहते, मालक मला घरी बसवेल. चिमटे आहेत ना.”

मानेपासून कमरेपर्यंत एकोणीस चिमटे लागले. वरून पुतळ्याचाच पायघोळ पांढरा लोकरी कोट, गळ्याशी निळा स्कार्फ, कानात काचवालीच्या स्वतःच्या कुड्या. चमकणारी वस्तू तेवढीच.

“कोट काढायचा नाही आणि पाठ टेकायची नाही. एवढं सांभाळ.”

आरशात धाकटी इतकी छान दिसली, की दोघींचेही डोळे भरून आले. वीस वर्षांत एकाही पुतळ्याने कोट काढला नव्हता. तसा तो काढावा लागेल, हे काचवालीच्या डोक्यातच आलं नाही.

चार वाजता काचवाली आपल्या दुकानाबाहेरच्या फुटपाथवर उभी राहिली. कॉफीच्या दुकानाची काच चांगली मोठी होती, आतलं सगळं दिसत होतं. भाची एकटीच आली होती, साध्या स्वेटरमध्ये, केस कसेतरी बांधलेले. सासरचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. तिने आईचा हात हातात घेतला तेव्हा काचवालीला इकडे हुंदका आला. जमलं बाई, असं ती मोठ्याने बोललीसुद्धा.

मग भाचीने कोटाकडे बोट केलं. आत गरम होत असणार, धाकटीचं कपाळ घामाने चमकत होतं. धाकटीने मान हलवली. थोड्या वेळाने भाची हसत उठली, शेजारच्या दुकानाकडे हात केला आणि आईच्या कोटाची कॉलर सरळ दोन्ही हातांनी धरली. धाकटी झटक्यात मागे सरकली. कोट छातीशी गच्च आवळून ती काहीतरी बोलली. भाचीचे हात खाली आले.

रस्ता ओलांडावा असं काचवालीला वाटलं. पण आपण गेलो तर सगळं सोंग उघडं पडेल, या भीतीने तिचा पाय उचलला नाही. तेवढ्यात भाची पैसे ठेवून बाहेर पडली आणि मागे न बघता कोपऱ्यावरून वळली.

धाकटी आली ती घामाने भिजलेली.

“काय झालं? बोलावलं?”

“शेजारी शिंपी आहे म्हणाली. तिचे कपडे तिथेच टाकलेत. म्हणाली, चल, तुझंही माप देऊन टाकू, लग्नात माझ्या पसंतीचं घालायचंस. कोट काढ म्हणाली.”

“अगं... सांगायचं ना, आत चिमटे आहेत म्हणून!”

“कसं सांगू? तोवर तुझं पढवलेलं सगळं सांगून बसले होते. मोठी नोकरी, मोठं घर. मग म्हटलं, मला घाई आहे.” धाकटी हातातल्या स्कार्फकडे बघत राहिली. “ती म्हणाली, घाई तुला तेव्हाही होती, आई.”

काचवालीने तिथूनच भाचीला फोन लावला. वाजून वाजून तो बंद झाला. दुसऱ्यांदा लावला तर लागलाच नाही. धाकटीच्या फोनवरूनही लागेना; भाचीने आईबरोबर मावशीचाही नंबर ब्लॉक केला होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत तिने एकेक चिमटा काढला. पाठीवर ठिकठिकाणी लाल वळ उठले होते. राखाडी स्वेटर तिने स्वतःच घातला, बाह्या खाली ओढून हात आत घेतले आणि ‘येते’ सुद्धा न म्हणता गेली. काचवालीने हाक मारली नाही. मारायला तोंड होतं कुठे तिला?

सकाळी काचेवरचा पडदा वर गेला. पुतळा पुन्हा मरून मखमलीत उभा होता, वरून पांढरा कोट, मागे एकोणीस चिमटे. पाटी वाचत थांबलेल्या एक बाई आत आल्या.

“अहो, थंडीत लग्नाला जायचंय. या कोटाच्या आत काय घालावं?”

काचवालीने पुतळ्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

“काहीही घाला,” ती म्हणाली. “फक्त कुणी कोट काढ म्हटलं, तर काढता आला पाहिजे.”

बाईंनी पर्समधून पावती काढली आणि तेही लिहून घेतलं.