टाकीची किल्ली

गुरुसिद्धप्पांनी मोटार विकत घेतली, तिच्याबरोबरच आयुब त्यांच्याकडं आला. पोलीस अ‍ॅक्शननंतर परंड्याकडचे एक जहागीरदार सगळं विकून हैदराबादला निघून गेले. त्यांची मोटार जळकोटच्या या आडत व्यापाऱ्यानं घेतली आणि बारा वर्षं ती चालवणारा ड्रायव्हरही ठेवून घेतला. आयुबला त्या इंजिनाचा आवाज झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

पण मोटार आता थकली होती, पेट्रोल जास्त पीत होती. आयुबनं तसं सांगितलंही. गुरुसिद्धप्पांच्या मनात मात्र दुसरंच आलं. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांनी सोलापूरच्या एका पत्र्याच्या कारागिराकडून टाकीला कुलपाचं नवं झाकण करून आणलं, आत चामड्याची चकती घातलेलं, गच्च बसणारं. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात राहू लागली. रोज सकाळी ते स्वतः झाकण उघडायचे, काठी बुडवून पेट्रोल मोजायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. आयुब बाजूला उभा राहून बघायचा. त्याला ते लागलं.

पुढच्याच आठवड्यापासून मोटार वाटेत बंद पडू लागली. आठ-दहा मैल नीट जायची, मग धक्के देत थांबायची. आयुबनं प्लग घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, नळ्या फुंकल्या. दारात चालू ठेवली की तासभर कुरकूर नाही. रस्त्याला लागली की पुन्हा तेच.

असं चाललेलं असतानाच एका पहाटे गुरुसिद्धप्पांच्या बायकोच्या, कस्तुराबाईंच्या पोटात असह्य दुखू लागलं. सोलापूरला नेण्यावाचून इलाज नव्हता. लांबचा पल्ला म्हणून गुरुसिद्धप्पांनी टाकी काठोकाठ भरली, कुलूप लावलं आणि पुढं बसले. मागं कस्तुराबाई थोरल्या मुलाच्या, मल्लिनाथच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या.

त्या वाटेवर मोटार पाच वेळा बंद पडली. बोरामणीजवळ तिसऱ्यांदा थांबली तेव्हा आयुब म्हणाला, "मालक, जरा किल्ली द्या. टाकी उघडून बघतो."

"टाकी भरलेली हाय. म्या सोता भरलीय. तुला किल्ली कशाला पायजे?"

"पेट्रोल पुढं येईना, म्हणून म्हणतो."

"तू इंजिन बघ."

आयुब पुन्हा बॉनेटखाली वाकला. मागून कस्तुराबाईंचा आवाज आला, "त्याला बोलू नका. करतोय की तो."

दवाखान्यात पोचायला दुपार झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि मल्लिनाथला बाहेर बोलावून सांगितलं, की सकाळी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

कस्तुराबाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांसमोर गुरुसिद्धप्पांनी आयुबला विचारलं, "इंजिनात मुद्दाम बिघाड करून ठेवलास न्हवं? जुन्या धन्याची गाडी माझ्या दारात आली, ते तुला बघवलं न्हाय." आयुबनं मल्लिनाथकडं पाहिलं. मल्लिनाथ जमिनीकडं बघत होता.

त्यानंतर कुणी आयुबच्या हाती मोटार दिली नाही. त्यानं नळदुर्गला स्टँडजवळ पत्र्याचं खोपट टाकलं आणि सायकली दुरुस्त करू लागला. त्याची बायको शरिफाबी लोकांच्या घरी दळण-कांडण करू लागली.

दोन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी तीच मोटार त्याच्या खोपटापासून शंभर पावलांवर येऊन बंद पडली. नवा ड्रायव्हर बलभीम घाम पुसत आला.

"आयुबभाई, कॉइल बदलली, पंप बदलला. आठ-दहा मैल झालं की मरते. अर्धा तास थांबलं की आपोआप चालू हुती. एकदा हात लावा."

आयुबचा पाय उचलत नव्हता. पण मोटारीत मल्लिनाथ एकटाच बसलेला दिसला आणि तो गेला. त्यानं बॉनेट उघडलं. पंपाखालची, पेट्रोल साठायची काचेची वाटी कोरडी होती.

"टाकीत किती हाय?"

"काठोकाठ," बलभीम म्हणाला.

"भरलेली असली की लवकर बंद पडते का?"

बलभीमनं जरा आठवून मान हलवली. "व्हय. हे ध्यानात आलं न्हवतं."

आयुब मागं गेला. गच्च बसलेलं झाकण त्यानं कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाला, "अण्णा, किल्ली हाय का?"

किल्ली आता मल्लिनाथकडं असायची. त्यानं उतरून कुलूप काढलं. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा लांब श्वास ओढावा तसा आवाज झाला. तो तिघांनीही ऐकला.

"मारा आता स्टार्टर," आयुब म्हणाला. दोन-चार फेऱ्यांत वाटी भरली आणि इंजिन लागलं.

"पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी लागती," तो सावकाश बोलला. "जुन्या झाकणाला सुईएवढं भोक होतं. ह्याला न्हाय. पंप ओढतो, ओढतो, मग त्याच्यानं ओढवत न्हाय. टाकी भरलेली, म्हंजे आत हवाच कमी. त्या दिवशी तशीच भरली होती." मग त्यानं विचारलं, "बोरामणीला म्या किल्ली मागितली, तुम्ही ऐकलं होतं न्हवं?"

मल्लिनाथनं मान हलवली. "ऐकलं होतं. आयुबभाई, घरी चला. बाबांना हे तुम्हीच सांगा."

जळकोटला आडतीवर गुरुसिद्धप्पा दोन गिऱ्हाइकांशी बोलत बसले होते. आयुबनं झाकण त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं झाकण हातात घेतलं, उलटं केलं, चामड्यावर अंगठा फिरवला. एक क्षण आयुबला वाटलं, आता हा माणूस रडणार.

गुरुसिद्धप्पांनी झाकण खाली ठेवलं.

"सोलापूरच्या मिस्त्र्यांना दोन वर्षांत गावलं न्हाय," ते गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाले, "आन् ह्याला उभ्या उभ्या गावलं. ज्यानं बिघाड केला, त्यालाच जागा ठाव असणार."

"मालक, झाकण तुम्ही आणलं होतं."

"भोक कुणी बुजवलं, ते मला काय ठाव?"

"त्याला भोक कधी नव्हतंच," आयुब म्हणाला आणि त्यानं मल्लिनाथकडं पाहिलं. मल्लिनाथनं तोंड उघडलं. बापाकडं बघून परत मिटलं. गिऱ्हाइकांपैकी एकानं आयुबला निरखून पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली.

बलभीमनं अंगणातच खिळ्यानं झाकणाला भोक पाडलं. आयुबला कुणी बस म्हटलं नाही, की नळदुर्गला सोडतो म्हटलं नाही. तो उन्हात चालत निघाला.

आठवड्याच्या आत गोष्ट नळदुर्गपर्यंत आली. खोपटात सायकल घेऊन आलेल्या एका ओळखीच्या माणसानं सहज विचारलं, "आयुबभाई, शेवटी कबूल केलंस म्हणं?"

आयुबनं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिला. त्या माणसानं पुन्हा विचारलं नाही. पण पुढच्या वेळी त्यानं आपली सायकल दुसरीकडं नेली.