चौकी कुणाच्या दारात

सलूनवाल्याच्या भिंतीला लागून परक्या फौजेनं वाळूची पोती रचून चौकी उभारली, तेव्हा अख्खी गल्ली त्याची पाठ थोपटून गेली. टोळीवाले दारं फोडून पोरं उचलून नेत, ते थांबलं. देव भलं करो त्यांचं, असं सलूनवालाही मनापासून म्हणाला होता.

पण टोळीवाले गेले कुठं होते? नुसते लांब सरकले होते. आता ते पलीकडच्या गच्च्यांवरून चौकीवर नेम धरत, आणि चुकलेली गोळी सलूनच्या मागच्या खोलीत शिरे. तिथं त्याची आई अंथरुणाला खिळलेली. पुढं काचा-आरशांचं सलून, मागं ही एवढी खोली. खाट हलवायची तरी कुठं? काल गोळी तिच्या उशाशी भिंतीत रुतली. गिलावा तोंडावर पडला, तर म्हातारी म्हणते, "पावडर इतकी कशाला उधळतोस रे?"

आज तो फौजेच्या साहेबासमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, चौकी हलवा."

साहेब माणूस वाईट नव्हता. दुभाष्यानं सांगितलं, "हलवतो म्हणतात. पण याच गल्लीत हवी. कुणाच्या दारात, ते तू दाखव."

झालं! साहेब पुढं, दुभाषा मधे, हा मागं, अशी तिघांची फेरी निघाली. शिंपीणकाकू दारातच आडव्या आल्या. "चौकी हवीच रे बाबा, धाकटा माझा तिच्यामुळंच वाचला. पण इथं नको. आत सून बाळंतीण आहे." टोकाचं घर रिकामं होतं, पण तिथून चौक दिसेना; साहेबानं मान हलवली.

"काय दादा," पंक्चरवाला ओरडला, "साहेबांना खोली भाड्यानं हवीय वाटतं?"

साहेब नेमका त्याच्याच दारात थांबला. जाड दगडी भिंती, समोर चौक. "हे?" दुभाष्यानं विचारलं.

पंक्चरवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. पायरीवर त्याच्या दोघी मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. सलूनवाल्यानं नुसती मान डोलावायची होती. आईच्या उशाची भिंत डोळ्यांपुढं आली. मान काही हलेना.

"राहू द्या साहेब. आहे तिथंच राहू द्या."

"तुमच्याच रक्षणासाठी आहोत म्हणतात," दुभाषा म्हणाला.

"हो ना. पण कुणाला कुणाच्या आड ठेवून, तेवढं मला सांगता येत नाही."

घरी बायकोनं विचारलं, "दाखवलंत दार?"

"नाही."

ती सासूच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं करत राहिली.

इतक्यात दारात पंक्चरवाला. "त्या बाजूनं खाट धर."

"कुठं नेतोस?"

"माझ्याकडं. माझ्या भिंती माझ्या डोक्यासारख्याच जाड, असं तूच म्हणतोस ना? धर आता, वहिनींना उशी घेऊ दे."

खाट निघाली. चौकीतल्या शिपायानं पोतं सरकवून वाट दिली. "हळू रे मेल्यांनो," म्हातारी कुरकुरली, "मी अजून जिवंत आहे."

तिला दगडी भिंतीआड ठेवून नवरा-बायको परत आली. मागच्या खोलीत खाटेच्या जागी नुसती फरशी उरली होती.

"आणि आपण?" तिनं विचारलं.

त्यानं सतरंजी झटकली. "आपण खाली झोपू. गोळ्या जरा वरून जातात."