चालू प्लग

ऑपरेटर गोदामाच्या चार्जिंग रूममध्ये परत आला तेव्हा भोंगा कोकलत होता. तो जेमतेम गेटपर्यंत जाऊन आला होता. धाकटी बहीण भेटायला आली होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. नवऱ्याने तिचं तोंड कपाटाच्या दारावर आपटलं होतं. "मावशीकडे जा, त्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस," असं सांगून ऑपरेटरने तिला बसमध्ये बसवलं होतं. तिचा नवरा याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि त्याने हे सगळं लांबून पाहिलं होतं.

पॅनेलवर लाल दिवा लागला होता: पंखा बंद. चार्ज होताना फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांतून ठिणगीनेही भडकणारा गॅस सुटतो. तो बाहेर फेकणारा छताचा पंखा थांबला होता. ऑपरेटरने बटण दाबून भोंगा गप्प केला. दिवा मात्र बिघाड दूर होईपर्यंत डोळे वटारून बसतो. दोन चार्जर चालू होते. त्याने पहिल्याचा स्टॉप दाबला, काटा शून्यावर आला. दुसऱ्याकडे हात नेला तोच मागून कुणीतरी त्याची कॉलर आवळली.

"कुठे लपवलीस माझी बायको?"

"दाजी, आधी हा बंद करू द्या. गॅस साठलाय."

"माझ्यापुढे पळवाटा काढतोस?"

मेहुण्याच्या हातात पाना होता. पहिला घाव मनगटावर बसला आणि आत काहीतरी काटकन मोडलं. दुसरा बरगडीवर. ऑपरेटर खाली कोसळला, तरी त्याने मेहुण्याचा पाय धरून दात रोवले. मेहुणा ओरडला, दुसऱ्या पायाने त्याच्या तोंडावर लाथ घातली. रक्ताची चव घशात उतरली.

"बायकोला मारून हात शिवशिवायचे थांबले नाहीत वाटतं!" ऑपरेटर थुंकला.

"तुझी बहीण तुझ्यावरच गेलीय. तोंडाळ!" मेहुणा दुसऱ्या बॅटरीकडे वळला. "माझी गाडी खोळंबलीय. बॅटरी घेतो, मग बघतो तुम्हा दोघांकडे."

त्याने प्लगला हात घातला. करंट चालूच होता.

"ओढू नका दाजी! ठिणगी पडेल! अरे, ओढू नकोस!"

"घाबरलास?" मेहुणा हसला आणि त्याने हिसका दिला.

निळी ठिणगी उडाली. मग नुसता आवाज. ऑपरेटर भिंतीवर आदळला, कानात शिट्टी घुमू लागली. बॅटरीचं झाकण फुटून तुकडे छताला लागले होते आणि अ‍ॅसिड मेहुण्याच्या तोंडावर उडालं होतं. तो दोन्ही हातांनी डोळे धरून गुरासारखा हंबरत होता.

ऑपरेटरने कोपराने आणीबाणीचं बटण दाबून सगळी वीज तोडली. कोपऱ्यात अंगावर उडालेलं अ‍ॅसिड धुवायचा शॉवर होता. ऑपरेटर जागीच थबकला. बहिणीचा फाटका ओठ डोळ्यांपुढे आला. जळू दे, त्याला वाटलं. कोण विचारणार आहे?

मग त्याने शिवी हासडली आणि चांगल्या हाताने मेहुण्याला शॉवरखाली फरफटत नेलं.

"मारतोयस मला!" मेहुणा आंधळेपणाने बुक्के हाणत होता. एक बुक्का मोडक्या मनगटावर बसला आणि ऑपरेटरची शुद्ध हरपता हरपता राहिली.

"पाणी आहे ते, मूर्खा! डोळे उघड!"

त्याने मेहुण्याचं डोकं गुडघ्यांत दाबलं, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि माणसं धावत येईपर्यंत सोडलं नाही.

मेहुण्याचा एक डोळा गेला, एक वाचला. दुसऱ्या दिवशी बहीण इस्पितळात आली, ती आधी भावाच्या खाटेपाशी.

"का वाचवलंस त्याला, दादा?"

"ठाऊक नाही. मरू द्यायचं मनात आलं होतं."

तिने त्याच्या प्लास्टरवरून हात फिरवला. मग पलीकडच्या वॉर्डात गेली. पट्ट्या बांधलेल्या नवऱ्याने चाहूल ओळखली.

"आलीस? चल, आता घरी जाऊ. माझं कोण करणार?"

"सासूबाईंना कळवलंय," ती म्हणाली. "त्या करतील. मी मावशीकडेच राहणार आहे."

तो हाका मारत राहिला. ती जिना उतरत होती. सुजलेल्या डोळ्याने पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून तिने कठडा घट्ट धरला होता.