घर्षण नगण्य माना

वैशंपायन सरांनी फळ्यावर ‘घर्षण नगण्य माना’ असं लिहिलं आणि समोरच्या घरातून कुंदा पोतनीसचे वडील अण्णा खुर्चीसकट बाहेर आले नि रस्त्याच्या उतारावरून खाली घसरू लागले. सर ओटीवर नववीच्या मुलांची शिकवणी घेत होते. उदाहरण नेहमीचंच होतं. उतारावर एक ठोकळा ठेवला आहे. ठोकळा म्हणून त्यांनी अण्णांना धरलं होतं.

कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने निम्म्या गावाला पोहायला शिकवलं, तो ठोकळा? आणि हे ठरवणारे वैशंपायन कोण?

अण्णांनी पाय टेकून पाहिले, कडेची भिंत चाचपून पाहिली. काहीच अडवेना. “कुंदे, जरा धर गं मला,” ते म्हणाले. तिने धावत जाऊन खुर्चीची पाठ पकडली, पण ओल्या साबणासारखी ती हातातून निसटली. अण्णांचा वेग वाढतच होता.

कुंदा तडक सरांच्या ओटीवर चढली. थोडं तरी घर्षण द्या म्हणाली, अण्णांच्या पायात रबरी चपला आहेत. सर म्हणाले, चपला उदाहरणात नाहीत. शिवाय घर्षण धरलं की उत्तर अपूर्णांकात येतं आणि पोरं वैतागतात. पोरांनी माना डोलावल्या.

“मग उतार कुठे संपतो, ते तरी सांगा.”

“लांबी दिलेली नाही,” सर म्हणाले.

तिने वळून पाहिलं. एरवी हाकेच्या अंतरावर असणारी पिठाची गिरणी मागे मागे सरकत होती आणि मधे नवा उतार तयार होत होता. अण्णा आता मुठीएवढे दिसत होते. माणूस गेला तरी चालेल, उत्तर तेवढं पूर्णांकात यायला हवं! तिला त्या सगळ्या ओटीचाच संताप आला. तिने डस्टर उचललं.

“दिलेलं पुसायचं नसतं,” सर म्हणाले. “हवं तर भर घाला.”

कुंदाने त्यांच्या हातातला खडू हिसकावून लिहिलं, ‘ठोकळ्याला दोरीने दुसरा ठोकळा बांधला आहे.’

“दुसरा ठोकळा कोण?”

“मी.”

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांचा चेहरा खुलला. लगेच कुंदाच्या कमरेला दोरी आली, एक हिसका बसला आणि ती ओटीवरून खाली उतारावर आली. आपण पाय रोवू आणि अण्णांना थांबवू, असं तिला वाटलं होतं. पण पाय रोवायला घर्षण लागतं, आणि ते पहिल्याच ओळीत नगण्य मानलेलं होतं.

मागून सरांचा आवाज आला, “आता दोरीतला ताण काढा.”

“शून्य,” एक मुलगी म्हणाली.

अण्णांनी खुर्चीत वळून हात पुढे केला. कुंदानेही हात लांबवला. दोघं सारख्याच वेगाने खाली चालले होते आणि मधली दोरी सैल लोंबत होती.