एका ताटात

इरम्मा थकली होती. गुडघे दुखायचे ते वेगळंच, पण मुरुमच्या त्या घरात दोन सुना, दोघींच्या दोन तऱ्हा आणि चूल एक. ती एक ठेवता ठेवता बाईच्या नाकी नऊ आले होते. थोरल्या शिवरंजनीला आमटी तिखटजाळ लागायची, धाकट्या महेश्वरीला नुसत्या वासानं ठसका. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून इरम्मा उठायची ती थेट न्यायनिवाड्यालाच.

गेल्या आठवड्यात महेश्वरीनं सरळच विचारलं, "आत्याबाई, वरच्या खोलीत माझा गॅस मांडू का?"

"म्या जिती हाय तवर न्हाय," इरम्मा म्हणाली. ह्या घरात चुली वेगळ्या झाल्या असं गावानं म्हणायचं? छे!

त्यात नातींनी नवीन खूळ आणलं. थोरलीच्या पोरीनं सोलापूरहून गिनीपिग आणला, सशाच्या पिल्लाएवढा. ते बघून धाकटीच्या पोरीनं हॅमस्टर आणला, मुठीत मावेल एवढा. झालं! दोन पिंजरे, दोन वाट्या, दोन कोपरे. गिनीपिगसाठी चिरलेली काकडी हॅमस्टरला घातली म्हणून जावांत तीन दिवस अबोला. उंदराच्या जातीवरून शहाण्यासुरत्या बायकांनी भांडावं, काय म्हणावं ह्याला!

इरम्माच्या सासरची एक रीत होती. नवी सून आली की पहिल्या दिवशी थोरल्या जावेबरोबर एकाच ताटात जेवायची. त्यानं मनं जुळतात, असं तिची सासू सांगायची. इरम्मानंही दोघी सुनांना तसंच जेवू घातलं होतं. मग ह्या मुक्या जिवांना का नको? सोमवारी दुपारी सुना अणदूरला लग्नाला गेल्या होत्या, पोरी शाळेत. तिनं हॅमस्टर उचलला, गिनीपिगच्या पिंजऱ्यात सोडला आणि मधोमध कोथिंबिरीची ताटली ठेवली.

"खावा बाबांनो, मिळून खावा," म्हणाली आणि जरा लवंडली.

किंचाळण्यानं तिला जाग आली. हॅमस्टर एवढासा, पण त्यानं गिनीपिगचा ओठ फाडला होता. मोठं जनावर कोपऱ्यात थरथरत होतं, कोथिंबिरीवर रक्त सांडलं होतं. इरम्मानं हॅमस्टरला उचलून त्याच्या पिंजऱ्यात टाकलं. "अगं बाई गं, काय केलं म्या हे!"

थोरला लेक शिवकुमार दुकान सोडून आला आणि मायलेक गिनीपिगला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. एरवी म्हशी तपासणाऱ्या डॉक्टरनं ओठाला औषध लावलं.

"वाचंल," तो म्हणाला. "पण आजी, ह्या जातीच वेगळ्या. गिनीपिगला सोबत लागती, ती त्याच्याच जातीची. आन् हा हॅमस्टर तर सख्ख्या भावालाबी जवळ येऊ देत न्हाय. त्याला एकटंच ऱ्हायला आवडतं."

"आवडतं?" इरम्मानं पुन्हा विचारलं.

"व्हय की. आपला कोपरा, आपली वाटी. लई खूश असतंय."

संध्याकाळी घरात एकच कालवा झाला. शिवरंजनी म्हणाली, हॅमस्टर मुळातच खुनशी. महेश्वरी म्हणाली, गिनीपिगनंच खोडी काढली असंल. पोरी रडत होत्या. मग नेहमीप्रमाणं दोघी जावा सासूकडं वळल्या, "आत्याबाई, तुम्हीच सांगा!"

इरम्मा उंबऱ्यावर बसली. पंधरा वर्षं तीच सांगत आली होती, आता सांगायचं त्राणच उरलं नव्हतं.

"चूक माझी हाय. म्याच त्यांना एकात कोंडलं," ती म्हणाली. "महेश्वरी, उद्या वर गॅस मांड. गाव काय म्हणंल ते म्हणू दे."

महेश्वरीला हसावं का रडावं कळेना.

"पर आत्याबाई, तुम्ही माझ्याकडंच जेवायचं हं," शिवरंजनी म्हणाली.

"का म्हणून? माझ्याकडं जेवतील," महेश्वरी म्हणाली.

नवं भांडण जुंपायच्या आत इरम्मानं हात वर केला.

"न्हाय गं बायांनो," ती म्हणाली. "मागच्या खोलीत माझीबी एक शेगडी मांडा. लगीन झाल्यापासनं ऱ्हायलंय, मला एकदा एकटीनं, गप बसून जेवायचंय."