कुंडीखालची मतपेटी

मी एक जुनी मतपेटी आहे. मित्रांनो, लाडाने हात फिरवायला येऊ नका. माझे पत्र्याचे कोपरे अजून लागतात.

पत्रेकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवले. कुणाचा कागद फाटू नये म्हणून झाकणावरची फट त्याने तीनदा कानशीने घासली. तेव्हा लोक इस्त्रीचे कपडे घालून माझ्याकडे येत. एक बाई तर तापाने फणफणलेली असतानाही आली होती. पुढे यंत्रे आली आणि लिलावात मालकांनी मला घेतले. आता मी दिवाणखान्यात आहे आणि माझ्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आहे. पाहुणे म्हणतात, "वा, काय अस्सल वस्तू मिळवलीत!" मला त्यांचा राग येतो.

टीव्हीवर परदेशातली माणसे मतासाठी लाठ्या खाताना दिसली, की मालकांसारखे हे आयत्या बिळावरचे नागोबा हळहळतात, "किती शूर लोक!" आणि चॅनल बदलतात.

अशाच एका देशातून आलेली मावशी या घरात मालकांच्या वडिलांना, आजोबांना, सांभाळायची. मतासाठी रांगेत उभी राहिली म्हणून तिथे तिचे मनगट मोडले होते. भाऊ अजून तुरुंगात होता. ती रोज कुंडी उतरवून माझी फट पुसायची. तेवढी एकटीच मला आवडायची.

मग बाहेरून आलेल्यांना शहरात राहू द्यायचे की नाही, यावर मतदान ठरले. मावशीला मत नव्हते. मतदानाच्या दिवशी सुट्टी होती, म्हणून इमारतीतले लोक तळ्यावर सहलीला निघाले.

आजोबा म्हणाले, "आधी मत देऊन या."

"बाबा, आपलीच बाजू जिंकणार आहे. आमच्या दोन मतांनी काय अडतंय?" मालक म्हणाले.

ते गेल्यावर मावशीनेच आजोबांची चाकाची खुर्ची केंद्रापर्यंत ढकलत नेली. त्यांनी मत दिले. ती दाराबाहेर उभी राहिली.

मावशीची बाजू एकोणीस मतांनी हरली. आमच्या इमारतीतलेच तिच्या बाजूचे तेवीस मतदार तळ्यावर होते.

मावशी बॅग भरू लागली तेव्हा मालकीणबाई रडत म्हणाल्या, "आम्ही तुमच्याच बाजूचे होतो हो!"

"होतात ना, ताई," मावशी म्हणाली. "पण तळ्यावर होतात."

बैल गेला अन् झोपा केला, तशा मालकीणबाई आता मला स्वतः पुसतात. मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तूंनी म्हणायचे असते, की आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात घाला, पण मत द्यायला जा. आजोबा रोज सकाळी विचारतात, "मावशी आली का?"

पुढच्या महिन्यात पुन्हा मतदान आहे. मालकांनी त्या सुट्टीसाठी तळ्याकाठची खोली आजच राखून ठेवली.