अव्वाचं आजारपण

रत्नव्वा हल्ली सोमवारी मठात जात नव्हती. तिची प्रकृती ठणठणीत होती, पण ती आजारी आहे असं सगळ्यांना सांगून झालं होतं.

तिची मुलगी पवित्रा एका खाजगी दूध डेअरीत केमिस्ट होती. टँकर आला की झाकण उघडून आधी वास घ्यायचा, मग फॅट आणि आम्लता तपासायची. एका पहाटे तिला सर्दी झाली होती. तिने वास घेतला, नाकाला काहीच कळलं नाही, आणि दूध चांगलं आहे असं धरून तिने टँकर पास केला. कुणीतरी रॉकेलचा कॅन नीट न धुता दुधाला वापरला होता. रॉकेल फॅटच्या आकड्यात दिसत नाही, आम्लतेतही नाही. ते फक्त नाकाला कळतं. दुसऱ्या दिवशी शहरातून पिशव्या परत येऊ लागल्या.

मॅनेजरनी कोरा कागद पुढे सरकवला. "घरगुती कारणासाठी सोडतेय, असं लिहा. आम्ही काढलं तर पुढं तुम्हालाच जड जाईल."

तिने लिहून दिलं आणि उठताना "थँक्यू सर" म्हणाली. ते थँक्यू तिला नंतर भांडी घासताना, केस विंचरताना आठवत राहिलं.

पवित्राचे वडील बसलिंगाप्पा, म्हणजे घरातले अप्पा, यांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. पोरगी घरी का, असं बाजारात कुणीतरी विचारलं. 'काढलं' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. "तिच्या आईच्या छातीत दुखतंय. बघायला कोण न्हाय," ते म्हणाले. एकदा म्हटल्यावर ते निभावणं आलं. रत्नव्वाचं बाहेर पडणं बंद झालं. कपिलतीर्थाच्या मंडईतली भाजी अप्पा आणू लागले. त्यांना जून भेंडी ओळखता येत नसे.

"छातीत न्हाय दुखत, पण या भेंडीनं दुखंल," रत्नव्वा म्हणायची. शेजारच्या चिमणाबाई पेज घेऊन आल्या की मात्र ती पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करायची. पवित्रा स्वयंपाकघरात उभी राहून दोघींचं बोलणं ऐकायची. आईला ती अव्वा म्हणायची. आपल्यामुळे अव्वा भरदिवसा अंथरुणात आहे, हे तिला बघवत नसे.

पवित्राने दोन ठिकाणी अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग अप्पांच्या ओळखीच्या ज्या अमरसिंहांनी हातकणंगल्याकडे नवी डेअरी काढली होती, त्यांनी तिला भेटायला बोलावलं. ते अप्पांकडून वर्षानुवर्षं गूळ घेत.

"बसा. आईचं कसं हाय आता?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"बरंय."

"बरं म्हंजे? आमची पहिली पाळी पहाटे पाचला. तुम्ही हिकडं आलासा तर त्यांच्याजवळ कोण?"

पवित्राने घरून जे पाठ केलं होतं त्यात हा प्रश्न नव्हता. "अप्पा असतात."

"अप्पा पहाटे बाजारात असत्यात. मला म्हाईत न्हाय व्हय?" ते हसले आणि फोन जवळ ओढला. "माझा मेव्हणा हृदयाचा डॉक्टर हाय. उद्या गाडी पाठवतो, त्यांना दाखवून आणू. पैशाचं काढू नका. अप्पांनी माझ्या अडचणीत दोन वर्षं उधारी सांभाळली."

ते नंबर फिरवू लागले.

"सर, नको," पवित्रा म्हणाली. "अव्वाला काही झालेलं नाही."

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

तिने टँकरचं सांगितलं, सर्दीचं सांगितलं, कोऱ्या कागदाचं सांगितलं. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"सर्दी हाय म्हणून सांगायला काय झालतं?"

"त्या महिन्यात रजा जास्त झाल्या होत्या. आणि टँकर उतरवायच्या डॉकवर बाई मी एकटीच. सर्दीचं नाव काढलं असतं तर हसले असते."

"हसू दे की. हसण्यानं दूध नासत न्हाय." "तुमचं सोडा, तुमचं वय लहान. पर अप्पा माझ्याशी असं खोटं बोलले? मी घरात सांगितलं, बायकोनं तुमच्या आईसाठी अंबाबाईला ओटीचा नवस बोलला."

पवित्रा खुर्चीवरून उठली.

"कळवतो," ते म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते तिला कळत होतं.

ती घरी आली तेव्हा रत्नव्वा अंथरुणात बसून शेंगा फोडत होती. दाराचा आवाज ऐकून तिने टरफलं झटकन पांघरुणाखाली ढकलली.

"मीच आहे अव्वा. त्यांना खरं सांगितलं. नोकरी मिळणार नाही."

रत्नव्वाने उठून लुगडं सारखं केलं, अंथरूण गुंडाळलं आणि खुंटीवरची पिशवी घेतली.

"अप्पांना काय सांगायचं?" पवित्राने विचारलं.

"त्यांचं मी बघते. तू चल, आज वांगी मी निवडणार."

गल्लीत चिमणाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. "अगंबाई रत्नव्वा, उठलीस व्हय? डॉक्टरनं सोडलं का?"

रत्नव्वा खाली बघू लागली. इतके दिवस प्यायलेल्या पेजेची लाज तिच्या तोंडावर दिसत होती.

"अव्वा आजारी नव्हती, काकू," पवित्रा म्हणाली. "मला कामावरून काढलं होतं."

गल्लीत आणखी कुणी ऐकलं का, हे तिने वळून पाहिलं नाही. तिने अव्वाच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी कपिलतीर्थाकडे निघाल्या.